लाल मुंग्यांची चटणी : आमच्या मुलांना तिची लाज का वाटते?



मागच्या अंकाच्या शेवटच्या पानावर आमच्या वसतिगृहातल्या दोन मुलींचे छायाचित्र छापले होते. हातात पळसाच्या पानाचा द्रोण, द्रोणात लालसर चटणी आणि दोघी हसताहेत. खाली एवढीच ओळ होती : भेटीच्या रविवारी घरून आलेला खाऊ. चटणी कशाची हे आम्ही लिहिले नव्हते. पण द्रोणाच्या कडेवर एक मुंगी अख्खी राहिली होती, आणि ज्यांची नजर तीक्ष्ण त्यांना ती दिसली.

त्या छायाचित्रावर जेवढी पत्रे आणि फोन आले तेवढे मागे स्वयंपाकघराचे पत्रे वादळात उडाले तेव्हाही आले नव्हते. एका मावशींनी लिहिले, आपण इतकी वर्षे काम करूनही लेकरांना मुंग्या खाव्या लागतात हे पाहून रात्री झोप लागली नाही. आणि त्यांनी डाळीसाठी वेगळे पैसे पाठवले. एका वडीलधाऱ्या बंधूंनी लेवीय पुस्तकाचा अकरावा अध्याय दाखवला. शहरातल्या एका मंडळीच्या तरुण संघातील मुलाने मात्र उलटेच कळवले : हे तर उद्याचे अन्न आहे, जगभर यावर संशोधन चालू आहे, तुम्ही याची माहिती का देत नाही? आणि एका देणगीदारांनी अगदी साधा प्रश्न विचारला. कीटक एवढे पौष्टिक असतील तर तुम्ही अंडी आणि डाळीसाठी मदत कशाला मागता?

चारही पत्रे मनापासून लिहिलेली आहेत. संपादकांनी सांगितले, उत्तर द्यायचेच तर अभ्यास म्हणून दे, म्हणजे तरुण संघाला आणि महिला मंडळाला बसून वाचता येईल. म्हणून हा लेख. शेजारी बायबल ठेवावे. लेवीय ११, लूक १० आणि प्रेषितांची कृत्ये १० हे अध्याय लागतील.

आधी चटणीविषयी. आमची बहुतेक मुले माडिया गोंड समाजातील आहेत. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत धरल्या आहेत. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडील जंगलात आणि पलीकडे छत्तीसगडच्या बस्तरमध्ये झाडावर राहणाऱ्या लाल मुंग्यांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते. कोकणातल्या वाचकांना आंब्याच्या झाडावरचे ओंबील ठाऊक असतील. चावले की डोळ्यांत पाणी आणतात तेच हे. ही मुंगी जमिनीत वारूळ करत नाही. जिवंत पाने एकमेकांना जोडून त्यांचा गोळा बनवते. कामकरी मुंग्या रांग धरून पानांच्या कडा जवळ ओढतात आणि दुसऱ्या मुंग्या आपल्याच अळ्या तोंडात धरून त्यांच्या रेशमी धाग्याने शिवण घालतात. हे एकदा जवळून पाहिले की माणूस मुंगीला किडा म्हणताना थोडा थांबतो.

उन्हाळ्याच्या तोंडाशी घरट्यांत अंडी-अळ्या भरपूर असतात, तेव्हा माणसे पहाटे झाडावर चढतात. फांदी विळ्याने कापून घरटे टोपलीत किंवा फडक्यात झाडायचे. चढणाऱ्याला चावे बसतातच, ते धरूनच चालायचे. मग मीठ, मिरची, लसूण, आले, असल्यास कोथिंबीर घालून पाट्यावर वाटायचे. चिंच किंवा लिंबू लागत नाही, कारण आंबटपणा मुंगीच्या अंगातच असतो. तो फॉर्मिक आम्लाचा. लॅटिनमध्ये मुंगीला जो शब्द आहे त्यावरूनच या आम्लाचे नाव पडले. मुंग्यांचा अर्क उतरवून ते वेगळे काढल्याची नोंद १६७१ साली इंग्लंडमध्ये जॉन रे यांनी केली, आणि हे रे निसर्गाचे अभ्यासक तर होतेच, पण दीक्षा झालेले पाळकही होते. बस्तरच्या आठवडी बाजारात या चटणीला चापडा म्हणतात. तिथे बायका मुंग्या द्रोणात घालून विकतात. ओडिशाच्या मयूरभंज जिल्ह्यात तिला काई चटणी म्हणतात, आणि जानेवारी २०२४ मध्ये ‘सिमिलीपाल काई चटणी’ला भौगोलिक मानांकन मिळाले. नागपूरच्या संत्र्याला आहे तेच मानांकन.

हे मी आज लिहिते आहे. सात वर्षांपूर्वी यातले मला काही माहीत नव्हते, आणि माहीत करून घ्यावे असे वाटलेही नव्हते. तेव्हा जे झाले ते सांगितल्याशिवाय हा अभ्यास पुढे जाणार नाही.

मार्च महिना होता, भेटीचा रविवार. आठवीतल्या एका मुलाची आजी पहाटे गावातून निघून, काही वाट चालून, मग बस धरून आली होती. पदरात पानांनी बांधलेला द्रोण. मुलगा पळत गेला, आंब्याखाली बसून त्याने द्रोण सोडला, एक बोट चाटले आणि तसाच माझ्याकडे धावत आला. बाई, घ्या ना. मी वाकून पाहिले. वाटलेल्या चटणीत पाय आणि डोकी दिसत होती. मी काहीही वाईट बोलले नाही. ओरडले नाही. नाक मात्र मुरडले गेले आणि मी मागे सरकले. मग म्हणाले, “बरं बरं, ठेव ते बाजूला. आधी हात धू.” त्याने द्रोणाकडे पाहिले, मग आजीकडे. आजीला मराठी फार कळत नव्हते. पण माझा चेहरा वाचायला मराठी लागत नव्हती.

पुढच्या भेटीला आजीने बिस्किटांचा पुडा आणला. वर्षभराने वसतिगृहाचे माहितीपत्रक भरताना ‘आवडता पदार्थ’ या रकान्यात त्या मुलाने ‘पनीर’ लिहिले. आमच्याकडे पनीर कधीच झाले नव्हते. त्याने ते कुठे खाल्ले असेल असे मला वाटत नाही.

मला याची टोचणी लवकर लागायला हवी होती, कारण हा धडा मी स्वतः दुसऱ्या बाजूने शिकले होते. माझे माहेर श्रीरामपूरजवळचे. आठवडी बाजारातून आई सुकट आणायची, तव्यावर भाजून कांदा-मिरचीबरोबर तिची चटणी करायची. कॉलेजसाठी पुण्याच्या वसतिगृहात गेले तेव्हा पहिल्या खेपेला डबा भरून ती चटणी नेली. खोलीतल्या मैत्रिणीने खिडकी उघडली आणि नाकाला रुमाल लावला, एवढेच. त्या आठवड्यात मी घरी पत्र टाकले : सुकट पाठवू नकोस, इथे कुणी खात नाही. आईने नंतर कधी पाठवली नाही. मला काय झाले हे तिने विचारलेही नाही, बहुधा तिला कळले असावे.

सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्राण्यांचे वर्गीकरण असते ते आठवा. कोळंबी, खेकडा, मुंगी, टोळ हे सगळे संधिपाद संघात येतात. अंगावर कठीण कवच, सांधे असलेले पाय. समुद्रात राहणाऱ्या त्या भावंडाला आपण हौसेने दहा रुपये जास्त देतो आणि झाडावर राहणाऱ्याला पाहून तोंड फिरवतो. ज्यांना कोळंबीची ॲलर्जी आहे त्यांना कीटकांचीही होऊ शकते, इतके हे नाते जवळचे आहे. (हे डॉक्टरांचे म्हणणे वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातही लक्षात ठेवावे लागते.) मध तर मधमाशीच्या पोटातून बाहेर आलेला असतो. गोळ्या-चॉकलेटांवर चकाकीसाठी जो लाखेचा थर देतात, ती लाखही एका किड्याचीच. म्हणजे कीटकाचे काही पोटात गेले नाही असा वाचक शोधून सापडणार नाही.

मग किळस येते कुठून? अगदी लहान बाळ मुंगी, माती, खडू, जे हाताला लागेल ते तोंडात घालते. त्याला किळस नसते. ती नंतर येते, आणि मोठ्यांच्या चेहऱ्यावरून येते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात एक प्रयोग केला. मेलेले झुरळ निर्जंतुक करून फळांच्या रसात बुडवून बाहेर काढले आणि लोकांना विचारले, आता पिता का? धोका काहीच नाही हे समजूनही लोक नको म्हणाले. किळस तर्काने येत नाही, म्हणून ती तर्काने जातही नाही. हे मी माझ्या बाजूने सबब म्हणून लिहीत नाही. पण ज्या मावशींना रात्री झोप लागली नाही त्यांना मी हसणार नाही, त्याचे कारण हे आहे.

गेल्या ऑक्टोबरात एका शहरी मंडळीचा तरुण संघ तीन दिवस आमच्याकडे श्रमदानासाठी आला होता. कॉलेजची मुले-मुली, उत्साही, हाताने काम करणारी. दुसऱ्या संध्याकाळी जेवणानंतर त्यांच्यातल्या एकाने फोनवर काहीतरी दाखवून विषय काढला : कीटक हे भविष्यातले अन्न. त्याने सांगितलेले बरेचसे खरे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली यावर मोठा अहवाल काढला. जगात सुमारे दोन अब्ज लोकांच्या आहारात कीटक असतात, १,९०० हून अधिक जाती खाल्ल्या जातात असे त्यात म्हटले आहे. गुरांचे वजन एक किलोने वाढायला सुमारे आठ किलो खाद्य लागते, कीटकांना सरासरी दोन किलो पुरते. थायलंडमध्ये तेव्हाच सुमारे वीस हजार शेतकरी रातकिडे पाळत होते. युरोपीय संघाने २०२१ मध्ये पिठातल्या एका अळीला माणसाचे अन्न म्हणून पहिली परवानगी दिली. सिंगापूरने २०२४ मध्ये सोळा जातींना दिली. जमीन कमी, पाणी कमी, चारा कमी, आणि प्रथिने मांसाच्या तोडीची. म्हणून जगातले शहाणे लोक इकडे वळू पाहताहेत, आणि तरुण त्यात पुढे आहेत.

आमची मुले गप्प बसून ऐकत होती. मला एक सुचले. वहीचे कागद फाडून सगळ्यांना वाटले, नाव घालू नका म्हटले, आणि एकच प्रश्न दिला : तुम्ही कीटक खाल का, आणि खाल तर कसे?

शहरातल्या मुलांचे कागद वाचायला मजा आली. बहुतेकांनी हो लिहिले होते, पण प्रत्येक होकाराला एक शेपूट होते. पावडर करून दिले तर. बिस्किटात असेल तर. पाय दिसले नाहीत तर. एकीने लिहिले होते, पृथ्वीसाठी खाईन, पण आईला सांगणार नाही. दुसऱ्या देशांत तरुणांना असे प्रश्न विचारतात तेव्हाही उत्तरे याच वळणाची येतात. कल्पना पटते, पण जीभ मागे सरकते, आणि कीटक ओळखू येणार नाही अशा रूपात दिला तर अडचण कमी होते.

आमच्या मुलांचे कागद मी आधी स्वतःशी वाचले आणि मोठ्याने वाचावेत की नाही या विचारात पडले. जवळजवळ सगळ्यांनी ‘नाही’ लिहिले होते. “आम्ही नाही खात. घरी आजी खाते.” “पूर्वी लोक खायचे.” “जंगलातले लोक खातात.” हे शेवटचे वाक्य ज्या अक्षरात होते ते मला ओळखू आले. ते लेकरू ज्या गावातून येते तिथे चारही बाजूंना जंगलच आहे.

ही तीच मुले, ज्यांच्या घरून मार्च-एप्रिलमध्ये द्रोण येतात आणि जी ते धान्याच्या खोलीमागे जाऊन चाटूनपुसून संपवतात. खोटे बोलायला त्यांना कुणी शिकवले नाही. ते आमचे तोंड पाहून शिकले. आम्ही म्हणजे मी, भेटीला येणारे पाहुणे, अधिकारी, आणि छायाचित्रे पाहून हळहळणारे आपण सगळे.

तेवढ्यात सहावीतली एक मुलगी त्या शहरी दादाला म्हणाली, “दादा, तुमच्या फोनमधल्या माणसांनी मुंग्या खाल्ल्या तर चालतं का?” त्याने मान हलवली. “मग आमची आजी?” तो मुलगा चांगला होता, ओशाळला. म्हणाला, तुझी आजी तर सगळ्यांच्या पुढे आहे. सगळे हसले. ती मुलगी दुसऱ्या दिवशी दिवसभर सगळ्यांना हेच सांगत फिरत होती.

मला बरे वाटले, आणि थोडे वाईटही. आजीच्या चटणीला मान मिळाला तो रोममधल्या संघटनेच्या अहवालामुळे आणि शहरातल्या दादाच्या फोनमुळे. उद्या अहवाल बदलला तर? आज आम्ही नाक मुरडले म्हणून ते अन्न वाईट, उद्या आम्ही टाळ्या वाजवल्या म्हणून चांगले. दोन्ही वेळा निकाल देणारे आम्हीच.

आता लेवीय अकरावा. पत्र पाठवणाऱ्या बंधूंनी वचन बरोबर दाखवले आहे. विसाव्यापासून तेविसाव्या वचनापर्यंत सरपटणाऱ्या पंखवाल्या जिवांविषयी नियम आहे. उड्या मारण्यासाठी ज्यांचे पाय सांध्यांचे आहेत, म्हणजे टोळ आणि त्याच्या जातीचे, ते इस्राएल लोकांना चालत होते, बाकीचे ओंगळ. त्यामुळे योहान बाप्तिस्मा करणारा अरण्यात टोळ आणि रानमध खात होता ते नियमाला धरूनच होते. युरोपात काहींना हेही सहन झाले नाही. योहानाने टोळ नव्हे तर एका झाडाच्या शेंगा खाल्ल्या असाव्यात असे त्यांनी सुचवले, आणि त्या शेंगांना ‘योहानाची भाकर’ असे नावही पडले. मूळ ग्रीक शब्द मात्र सरळ टोळाचाच आहे. संदेष्ट्याच्या ताटातलाही किडा लोकांना नको होता!

मुंगी त्या यादीत बसत नाही, हे खरे. पण त्याच अध्यायात आणखी वर, नवव्या ते बाराव्या वचनांत, पंख आणि खवले नसलेले पाण्यातले जीवही वर्ज्य सांगितले आहेत. म्हणजे कोळंबी, खेकडा, आणि माझ्या आईची सुकट. मुंगीसाठी हा अध्याय लावायचा तर तो आपल्या स्वयंपाकघरातही लावावा लागेल. ताटाबाबतचा हा नियम ख्रिस्ती मंडळीवर का राहिला नाही, ते प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात आहे.

पेत्र यापोत, कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घराच्या धाब्यावर प्रार्थनेला गेला आहे, भूक लागली आहे, आणि आकाशातून चादरीसारखे काहीतरी उतरते. त्यात सगळ्या तऱ्हेचे जीव. तीनदा खायला सांगितले जाते आणि पेत्र नको म्हणतो. आपण हा उतारा अन्नाविषयी म्हणून शिकवतो. पण पेत्र कर्नेल्याच्या घरी पोचतो तेव्हा तो अन्नाचे नावही काढत नाही. तो म्हणतो की कोणत्याही माणसाला अशुद्ध म्हणू नये हे देवाने मला दाखवले. चादरीतल्या जनावरांवरून तो थेट माणसांवर गेला, कारण वाट तीच आहे. ताटाची घृणा ताटात राहत नाही, ती खाणाऱ्याला चिकटते. आणि अकराव्या अध्यायात यरुशलेमच्या मंडळीने त्याच्याविरुद्ध पहिली तक्रार काय केली? तू त्या लोकांकडे गेलास आणि त्यांच्याबरोबर जेवलास. छायाचित्रानंतर आलेली काही पत्रे वाचताना मला हा अध्याय आठवत होता.

लूक दहामध्ये आणखी एक गोष्ट आहे, ती मिशनच्या कामात आम्ही सोयीने विसरलो. येशू सत्तर जणांना पाठवताना सांगतो की ज्या घरी जाल तिथे जे पुढे वाढतील ते खा. पाठवलेले लोक तिथे पाहुणे आहेत, वाढपी नाहीत. मी हिशेब केला. वसतिगृहात अकरा वर्षांत मी हजारो ताटे वाढली असतील. मुलांच्या घरी जाऊन, त्यांनी जे पुढे ठेवले ते जेवले असे प्रसंग दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातही पोट बरे नाही असे सांगून मी काही टाळले आहेत.

राहिला देणगीदारांचा प्रश्न. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर सरळ आहे. चटणी ही चटणी आहे. हंगाम दोन-तीन महिन्यांचा, वाट्याला येते दोन चमचे. वाढत्या अंगाच्या मुलाला रोज लागणारी प्रथिने तेवढ्यातून निघत नाहीत. डाळ आणि अंडी लागतातच. शासनाच्या अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या लहान मुलांना अंडी मिळतात ती यासाठीच. आदिवासींनी किडे खाऊन राहावे, ते पौष्टिक असतात, असे म्हणून जर कुणी हात आखडता घेणार असेल, तर तो अहवालाचा गैरवापर होईल. जगातल्या श्रीमंतांनी आपल्या ताटातले मांस कमी करावे म्हणून जे लिहिले गेले, ते गरिबाच्या ताटातली डाळ कमी करायला वापरू नये.

दुसरे टोकही नको. करोनाच्या काळात या चटणीने आजार बरा होतो असे सांगितले गेले, प्रकरण न्यायालयात गेले, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली. चटणीला औषध व्हायची गरज नाही. आणि शहरांत तिची चटक लागून व्यापारी टोपल्या घेऊन आले तर काय होईल याचीही मला धास्ती वाटते. एका वसाहतीची घरटी अनेक झाडांवर असतात, पण राणी त्यातल्या एकाच घरट्यात. सगळीच घरटी उतरवली तर वसाहत संपते. या मुंग्या झाडावरच्या इतर किडींनाही खातात. चीनमध्ये सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीही संत्र्याच्या बागांत त्यांची घरटी विकत आणून बांधत असत. आजी मला म्हणाली, म्हणजे नातीने मराठीत सांगितले, की आम्ही एका झाडावरची घेतो आणि पुढच्या झाडावर जातो, सगळी नाही घेत. कीटक टिकाऊ अन्न आहे असे आपण म्हणतो तेव्हा टिकाऊपणा मुंगीत नसतो, या ‘सगळी नाही घेत’मध्ये असतो. आणि नातवंडे धान्याच्या खोलीमागे लपून खात असतील तर हे शहाणपण त्यांना कोण शिकवणार?

तरुण संघाच्या बैठकीसाठी एक सुचवते. वाद घालण्याआधी प्रत्येकाने आपल्या घरातला एक असा पदार्थ सांगावा जो बाहेर सांगायला लाज वाटली. वजडी, रक्ती, सुकट, शिळ्या भाकरीचा कुटका, काहीही. ती लाज पहिल्यांदा कुणाच्या तोंडाकडे पाहून वाटली तेही आठवावे. मग दहावा अध्याय वाचावा. मुंग्या खाव्यात की नाही हे ठरवायची गरज नाही. मला विचाराल तर न खाणाऱ्यावर सक्ती नाही. ‘मी खात नाही’ म्हणणे वेगळे आणि ‘शी!’ म्हणणे वेगळे, एवढे तरुणांना कळले तरी बैठक वाया गेली नाही असे मी म्हणेन.

वसतिगृहात आम्ही नियम बदलला आहे. भेटीच्या रविवारी घरचे अन्न उघड्यावर, सगळ्यांबरोबर बसून खायचे. ताजे असावे, फवारणीच्या शेताजवळचे नसावे, त्याच दिवशी संपवावे. छायाचित्र काढले ते नियमानंतरच्या पहिल्या रविवारी. त्यातली डावीकडची मुलगी त्याच आजीची धाकटी नात आहे, ऑक्टोबरात त्या दादाला प्रश्न विचारणारी. त्या दिवशी तिने द्रोण माझ्यापुढे धरला आणि मी बोटभर घेतली. आधी तिखट, मग कैरीपेक्षा धारदार आंबट, आणि जिभेवर बारीक मुंग्या आल्यासारखे. आल्यासारखे काय, आल्याच होत्या. दुसऱ्यांदा घेतली ती मात्र चवीसाठी घेतली. पोरगी द्रोणाकडे पाहत नव्हती, माझ्या तोंडाकडे पाहत होती.

आठवीतला तो मुलगा आता आयटीआय करतो आहे. हा लेख लिहिण्याआधी मी त्याला फोन केला, झालेली गोष्ट सांगितली आणि माफी मागितली. तो हसला. म्हणाला, “बाई, ते तर मी विसरलो पण होतो.” मग मी विचारले, घरी गेलास की खातोस का? “नाही बाई, आता नाही आवडत.” थोडा वेळ गेला. लिहू का हे, म्हटले. तो म्हणाला, “लिहा ना. फक्त गावाचं नाव नका टाकू. इथं सोबतची पोरं वाचतील.”

म्हणून या लेखात गावाचे नाव नाही.